रविवारचं लुगडं

रिया, जोएल,

गेल्या आठवड्यात जोएलने फोन करून विचारलं, "आजी, संडे बेस्ट म्हणजे काय?" शाळेत हा शब्दप्रयोग आला होता आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडून त्याचा अर्थ विचारून आणायचा होता. मी दोन वाक्यांत सांगितलं. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जाताना घालायचे, एरवी जपून ठेवलेले कपडे, हा अर्थ. आणि वापर असा, की माणूस कुठेही आपले ठेवणीतले कपडे घालून आला तर तो संडे बेस्टमध्ये आला असं म्हणावं, मग वार कुठलाही असो. जोएल "थँक्यू आजी" म्हणाला आणि फोन ठेवून गेला. त्याचं काम झालं, माझं झालं नाही. मी अडतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. हा शब्दप्रयोग धड्यात आला की मी मुलांना दोन ओळींत अर्थ सांगून घाईने पुढचं पान उघडायला लावत असे. का, ते मी तुमच्या आजोबांनाही नीट सांगितलं नव्हतं. आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत, अक्षर ओळीवर राहतं, आणि ज्यांना हे वाचून वाईट वाटलं असतं ती माणसं राहिलेली नाहीत. तेव्हा लिहिते. तुमचा बाबा वाचून दाखवेल. जिथे तो थांबेल तिथे त्याला पुढे वाचायला सांगा.

तुम्ही पाहिलेली वसई म्हणजे आमच्या बिल्डिंगचं गेट आणि समोरचं मेडिकलचं दुकान. मी सांगते त्या वेळी इथे आमची वाडी होती. केळी, पानवेली, कडेला नारळ, मध्ये कौलारू घर आणि घराच्या मागे विहीर. विहिरीवर रहाट होता आणि बैल त्याच्याभोवती फिरायचा. त्या रहाटाची करकर दिवसभर कानात असे. ती थांबली की बाबांनी बैल सोडला, आता जेवायला येतील, हे आई न बघता ओळखायची आणि तव्यावर भाकरी टाकायची. तांदळाची भाकरी, आदल्या दिवशीचं आटलेलं कालवण, नाहीतर सुकटाची चटणी. सकाळी पाचूबंदरची कोळीण टोपली घेऊन पायरीवर बसायची. तिच्याशी भाव करायचा मान मोठीआयचा. मोठीआय म्हणजे माझ्या बाबांची आई, रोझा. ती बांगड्याचे कल्ले उघडून बघायची आणि म्हणायची, "बाय, हा मासा माझ्याहून म्हातारा हाय." कोळीण म्हणायची, "तुझ्याहून म्हातारं दर्यात काय पन नाय." मग दोघी हसायच्या आणि कोळीण एक बांगडा जास्त टाकायची. मोठीआय आमच्या वाडीतल्या बोलीत बोलायची. ती पूर्ण लिहिली तर तुमच्या बाबालाही अडखळायला होईल, म्हणून मी जागोजागी सोपी केली आहे.

मोठीआयकडे तीन तऱ्हेची लुगडी होती. रोजची सुती, धुऊन धुऊन मूळ रंग हरवलेली. रविवारचं एक, चौकड्यांचं, देवळातल्या मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, जायचं. आणि तिसरं, खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत. ते तिच्या लग्नाचं, लालभडक, काठाला जर असलेलं. लग्नानंतर ते तिने अंगाला लावलं नव्हतं. पांढऱ्या चादरीत ते लुगडं, चोळी, डोक्यावरून घ्यायची पांढरी ओल, एक जपमाळ आणि एक मेणबत्ती असं बांधून ठेवलेलं होतं, आणि कसर लागू नये म्हणून मिरीचे दाणे टाकलेले होते. आमच्याकडे म्हाताऱ्या बायका आपली शेवटची, मेल्यावर नेसवायची कापडं अशी स्वतःच्या हाताने तयार ठेवत. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. दरवर्षी उपासाच्या काळात, ईस्टरच्या आधी, मोठीआय ते गाठोडं सोडायची, लुगडं दोरीवर टाकून ऊन दाखवायची आणि तसंच घडी करून ठेवायची. ते कशासाठी आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, आजी लहान होती, तिला कळलं नसेल. मला कळत होतं.

मी तेरा वर्षांची होते. आमच्या वाडीतून इंग्रजी शाळेत जाणारी मी पहिली मुलगी, आणि त्याची मला फार घमेंड होती. त्या वर्षी शाळा तपासायला साहेब येणार होते. आमच्या मिसने प्रत्येक मुलीला एक एक इंग्रजी शब्दप्रयोग दिला: उभं राहायचं, अर्थ सांगायचा, वाक्यात वापर करून दाखवायचा. मला संडे बेस्ट आला. मिस म्हणाल्या, "फिलोमिना, तू तशी नटूनच ये. साहेबांना शब्द सांगण्याआधी दिसला पाहिजे." माझा रविवारचा फ्रॉक होता, पण तो दोनदा लांब केलेला आणि खालची जुनी शिवण दिसणारा. मी आईकडे तिचं चांगलं लुगडं मागितलं. आई तांदूळ निवडत होती. वरही बघितलं नाही.

"तपासणी कधी आहे?"

"गुरुवारी."

"मग रविवारचं कापड गुरुवारी कशाला? देवापेक्षा तुझा साहेब मोठा काय?"

शब्दप्रयोगाचा अर्थ आईने माझ्यापेक्षा चोख सांगितला होता हे मला नंतर वर्गात शिकवताना लक्षात आलं. तेव्हा फक्त राग आला. आणि त्या रागात मला पेटीतलं लाल लुगडं आठवलं. उपासाला अजून तीन आठवडे होते. कोण उघडणार होतं? चावी आल्तारावरच्या, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यावरच्या, तसबिरीमागे खिळ्याला असायची. गुरुवारी सकाळी मोठीआय कोळणीशी भांडत होती, आई गोठ्यात होती. मी गाठोडं सोडलं, लुगडं काढून दप्तरात कोंबलं आणि चादर वरून पहिल्यासारखी बांधली. मिरीचे चार दाणे जमिनीवर घरंगळले. ते वेचून मी परत आत टाकले.

नऊवारी नेसायला मला येत होतं. दर रविवारी मोठीआय नेसताना दुसरं टोक धरून मीच उभी असायचे. शाळेच्या शिवणाच्या खोलीत मी ते नेसले. आरसा लहान होता, त्यात एका वेळी एक खांदा दिसे. मिस "वा!" म्हणाल्या. त्या मंगळूरकडच्या, ते लुगडं काय आहे हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी अर्थ सांगितला, वाक्य म्हटलं, सगळं बरोबर. साहेब चष्म्यावरून बघून हसले आणि इंग्रजीत म्हणाले, "फार सुंदर. कोणाचं आहे?"

"माझ्या आजीचं, सर."

"आणि आजी हे कधी नेसते?"

खरं उत्तर इंग्रजीत मला येत होतं. ते डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, "दर रविवारी, सर." साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब शाळा सुटेपर्यंत वर्गातून हलले नाहीत, आणि कपडे बदलायला वेळच मिळाला नाही. मी तशीच घरी निघाले. मोठ्या रस्त्याने गेले असते तर चार पावलांवर कोणीतरी ओळखलं असतं, म्हणून शेताच्या बांधावरून मागच्या बाजूने वाडीत शिरले आणि केळींच्या दाटीत लुगडं फेडलं. बाबांनी त्या दिवशी केळीचे लोंगर, म्हणजे घड, उतरवले होते. कापलेले दांडे अजून ठिबकत होते. वाडीत जन्मलेलं पोर दुसरं काही विसरेल, पण चांगल्या कपड्यांत केळींत शिरत नाही. मी शिरले. लुगड्यावर ओला ठिपका दिसला तेव्हा मला तो पाण्याचा वाटला, कारण केळीचा चीक ताजा असताना पाण्यासारखाच दिसतो. मी ते फुंकून वाळवलं, घडी केली, आणि आई विहिरीवर गेल्यावर जागच्या जागी ठेवलं.

चार दिवसांनी मी सहज खात्री करायला पेटी उघडली. पदराच्या खाली, तळहाताएवढा, काळपट तपकिरी डाग पडला होता. केळीचा डाग जात नाही. बाबांचे वाडीतले सगळे सदरे त्याने भरलेले होते. आई ते वेगळे धुवायची आणि तरी तसेच वाळत घालायची. मी लिंबू आणि मीठ चोळून बघितलं. डाग तसाच राहिला, भोवतालचा लाल रंग मात्र फिका पडून त्याला कडं आलं. मी घडी अशी केली की डाग आत जाईल. मग रोज मोजायला लागले: उपासाला दोन आठवडे, दीड आठवडा. जेवण उतरेना. भाकरी ताटात फिरवत बसायचे. मोठीआय म्हणायची, "शाळेत इंग्रजी खाऊन येते काय ही?" तिने थट्टा केली की मला आणखी भीती वाटायची.

मग मोठीआयला ताप आला. आधी साधा खोकला, मग थंडी, मग ती खाटेवरून उठेना. डॉक्टर सायकलवरून आले, तिच्या पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले आणि बाबांना अंगणात घेऊन गेले. तिच्या श्वासाला खरवडल्यासारखा आवाज येत होता. खाटेखाली पेटी आणि वर तो आवाज, आणि मध्ये मी, पायाशी बसलेली. कुंपणापलीकडची मारीमावशी रोज यायची. गावात कोणीही जायला आलं की मारीमावशी हजर. तिला सगळी रीत पाठ. ती आईला म्हणाली, "मग्गे, आता कापडं काढून वाऱ्यावर टाक. ऐन वेळी घाई होते. आणि बघ हं, दुसऱ्या कोणी अंगाला लावू नये. जित्या माणसाच्या अंगाला ते कापड लागलं की मरणाला घराची वाट कळते."

ती हे माझ्याकडे बघून म्हणाली नव्हती. शेंगा सोलत सोलत म्हणाली होती. आतापर्यंत मला डागाची भीती होती. मार बसेल, सगळे नावं ठेवतील, एवढीच. आता हिशोब दुसराच झाला. मी ते नेसले होते. गुरुवारी, हसत, टाळ्या घेत. आज मी शिकलेली, सत्तरी ओलांडलेली बाई आहे आणि अशा बोलण्याला काही अर्थ नसतो हे मी शेकडो मुलांना सांगितलं आहे. तरीही ते वाक्य लिहिताना मला आत्ता पेन खाली ठेवून पाणी प्यावं लागलं.

"मी काढते कापडं," मी म्हटलं. "मावशी, तू बस." मी तसबिरीमागून चावी घेतली, खाटेकडे न जाता मागच्या दाराने बाहेर पडले आणि विहिरीवर गेले. रहाट फिरत होता, बैलाची पाठ माझ्याकडे होती, बाबा पाटाला पाणी वळवत होते. पेटी उघडली नाही तर लुगडं निघणार नाही. लुगडं निघालं नाही तर मोठीआय जाणार नाही. मला ते त्या वेळी अगदी सरळ दिसलं. मी चावी विहिरीत टाकली. आवाज इतका लहान झाला की बैलाचा कानही हलला नाही. घरात येऊन मी सांगितलं, "चावी नाही तिथे."

आईने आल्तार शोधला, मग गाद्या, मग डबे. मारीमावशी म्हणाली, "सैतानाचं काम." दुपारी फादर शेवटच्या संस्काराचं तेल घेऊन आले. सगळे गुडघ्यांवर बसले, प्रार्थना झाली, फादरांनी तिच्या कपाळाला आणि हातांना तेल लावलं. त्या वेळी लांब देवळाची घंटा वाजली. ती दुपारची नेहमीची होती, पण माणूस गेल्यावर वाजते तशी ती एका ठोक्यानंतर थांबेल आणि मग फार वेळाने दुसरा ठोका पडेल, या भीतीने मी मोजत होते. ठोके लागोपाठ पडले. फादर गेल्यावर आई बाबांना म्हणाली, "कुलूप तोडा आता." बाबा कोयता आणायला वळले.

मी खाटेच्या कडेला तोंड लावलं आणि मोठीआयच्या कानात सगळं सांगितलं. साहेब, लुगडं, केळी, लिंबू, चावी. क्रमाने सांगितलं, वगळलं काही नाही. तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं तिने ऐकलं नाही. मग त्या खरवडणाऱ्या श्वासातून शब्द आले, "मना दाखव."

बाबांनी कोयत्याच्या पाठीने कुलूप तोडलं. आईने गाठोडं सोडलं आणि लुगडं उलगडलं. डाग समोर आला तेव्हा मारीमावशीने तोंडावर हात ठेवला, आणि आईने माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीला टेकले. मोठीआयने हात पुढे केला, लुगडं जवळ ओढलं आणि अंगठ्याने डाग चोळून बघितला, बांगड्याचे कल्ले बघावेत तसं.

"कासोटा कोनी लावला?"

"मीच."

"सुटला?"

"नाही."

"आन् साहेबाला काय सांगितलंस? मी कधी नेसते?"

"दर रविवारी."

ती हसायला गेली आणि खोकला लागला. तो इतका वेळ लागला की आई धावली, बाबांनी तिला पाठीमागून धरलं, आणि मी भिंतीपाशी उभी राहून देवाला म्हटलं, आता नको, आता नको. खोकला थांबल्यावर तिने घोटभर पेज मागितली. चार दिवसांत तिने पहिल्यांदा काही मागितलं होतं. पेज पिऊन ती मला म्हणाली, "माझं लुगडं नेसून सरकारी मानसाला खोटं बोललीस. उठले की तुला मारीन." मग आईला म्हणाली, "ते परत बांधू नको. बाहेर राहू दे."

ती उठली. ताप उतरायला आणखी आठवडा गेला आणि चालायला दुसरा. मला मारलं नाही. उपास संपल्यावर ईस्टरच्या रविवारी सकाळी तिने मला दुसरं टोक धरायला बोलावलं, आणि मी बघितलं तर तिच्या हातात लाल लुगडं होतं. मी म्हटलं, "मोठीआय, हे नको." ती म्हणाली, "धर नीट. खोटं तू बोललीस, निस्तरायचं मना." डाग निऱ्यांच्या आत जाईल अशी तिने घडी धरली, पण तो पूर्ण लपला नाही. देवळाच्या पायऱ्यांवर मारीमावशी भेटली. ती आधी दोन पावलं मागे सरली.

"काय गो रोझा, लग्न हाय काय कोनाचं?"

"नाय. रविवार हाय."

मारीमावशी त्या दिवशी आमच्या बाकावर बसली नाही. मी मिस्साभर मोठीआयच्या पाठीकडे बघत होते: ती वर-खाली होते आहे ना, श्वास चालू आहे ना. त्यानंतर दर रविवारी तेच. दुसऱ्या बायका कुजबुजायच्या, ती ऐकू न आल्यासारखं करायची, आणि मी टोक धरताना मनात म्हणायचे, आज नको. माझं शाळेचं शेवटचं वर्ष आलं, कॉलेज झालं, मी स्वतः शिकवायला लागले, तरी रविवारी सकाळी ती भीती यायचीच. तिला मी हे कधी बोलले नाही. तिला कळत होतं असं वाटतं, कारण नेसून झाल्यावर ती माझ्या गालावर एक हलकी चापट मारायची. कदाचित तोच तिने कबूल केलेला मार असेल.

ती गेली तेव्हा मंगळवार होता, दुपारची वेळ, बाहेर रहाटाऐवजी पंप चालू होता. लाल लुगड्याचा रंग तोवर विटेसारखा झाला होता आणि गुडघे टेकून टेकून ते पुढून विरलं होतं. आईने तिथे दोन ठिगळं लावली होती. मारीमावशी, स्वतः काठी टेकत आलेली, म्हणाली, "मग्गे, हे फाटकं नेसवणार? हिला नवं आना कायतरी." आई म्हणाली, "हेच." मी टोक धरलं, आईने नेसवलं. तिचं अंग हलत नव्हतं म्हणून वेळ लागला. त्या दिवशी मला भीती वाटली नाही. नुसतं रडू आलं.

आईने नंतर स्वतःसाठी काही बांधून ठेवलं नाही, आणि मीही ठेवलेलं नाही. माझ्या कपाटात सहा चांगल्या साड्या आहेत. सहाही वापरातल्या आहेत.